धक्क्यावरचा तुझा फोटो

गौतम,

तुझा फोटो भिंतीवर लागला. कोट घालून लागला आहे. निळा कोट, लाल टाय आणि मागे कुठल्यातरी परदेशी बागेतली हिरवळ. जन्मात तू कधी कोट घातला नाहीस. लग्नातसुद्धा पांढरा शर्ट होता, असं वैजूवहिनी सांगतात. कंपनीच्या गेटपासवरचा तुझा टिकलीएवढा चेहरा स्टुडिओवाल्यानं काँप्युटरवर मोठा केला, मानेपाशी कापला आणि त्याच्याकडच्या तयार कोटावर बसवला. "सगळे कोटच मागतात हो," असं तो म्हणाला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्या फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, तुझ्या खात्यातली माणसं एकेक करून फूल वाहून गेली. मागं बसलेली तुझी चुलती मात्र मोठ्यानं बोललीच, "ह्यो आमचा गौतम हाय व्हय? ह्यो तर कोण तर म्यानेजर दिसालाय."

चारजण हसले. मलाही हसू फुटलं आणि मग कार्यक्रम संपेपर्यंत मी मान वर केली नाही. तुझा एक धड फोटो तुझ्या घरात नसावा, आणि तुझ्या जिवलग मित्राच्या गळ्यात पंधरा वर्षं कॅमेरा असावा! माझ्या कपाटात रंकाळ्याचे फोटो आहेत, पंचगंगेच्या घाटाचे आहेत, उसाच्या तुऱ्यांचे आहेत, धुक्यातल्या बैलगाडीचे तर पायलीनं आहेत. तुझा एकही नाही. तुमच्या लग्नाचा अल्बम पुराच्या पाण्यात भिजून वीट झाला, ते मला माहीत आहे. पण पाण्याला काय बोलायचं? पाणी तरी कुणाचं मित्र असतं?

आज तुला जाऊन बावीस दिवस झाले. लोक मला सांगतात, चांगला माणूस होता. मी हो हो म्हणतो. तू चांगला होतास यात काही वादच नाही. वाद दुसरे आहेत, आणि ते सगळे अर्धवट टाकून तू सकाळच्या पाळीत, मशीन चालू ठेवून, निघून गेलास. आता मी कुणाशी भांडू?

उद्यमनगरातल्या त्या वर्कशॉपमध्ये तू लेथवर होतास आणि मी स्टोअरला. पहिल्याच आठवड्यात तू खिडकीशी येऊन ओरडलास, "ओ ष्टोअर, ह्यो टूल दिलासा का खिळा दिलासा?" सगळ्या शेडला ऐकू गेलं. मी रागानं लाल झालो. टूल खरंच बोथट होता. दुपारी तूच डबा घेऊन माझ्या टेबलाशी आलास, मला विचारलंसुद्धा नाहीस आणि माझ्या भाकरीवर तुझ्या घरचं सुक्कं वाढून मोकळा झालास. पुढं कारखाना कागलच्या एमआयडीसीत गेला, आपणही गेलो. कंपनीची बस आली, कँटीन आलं, तरी डबा एकत्रच राहिला.

माझ्या फोटोच्या वेडाला तू कधी वेड म्हणाला नाहीस. तू त्याला 'काम' म्हणायचास. "आज काय काम केलंस?" असं विचारायचास, आणि मी प्रिंट दाखवले की तेलकट हात पँटला पुसून, कडेला धरून, एकेक बघायचास. मग तुझा ठरलेला शेरा यायचा. "झाक हाय. पर माणूस कुठाय ह्यात?" मी म्हणायचो, माणूस कशाला हवा, उजेड बघ. तू म्हणायचास, "उजेड तर बल्बाचा बी असतोय. माणूस नसला की ते क्यालेंडर झालं मर्दा. वाण्यानं दिवाळीला फुकट दिल्यालं." ह्या एका वाक्यावरून आपण किती भांडलो! कँटीनमध्ये, बसमध्ये, बिंदू चौकात उभ्याउभ्या. मी तुला कंपोझिशन समजावायचो आणि तू मला माणसं समजावायचास. दोघांपैकी कुणीही तसूभर हललं नाही.

तरीही माझा ट्रायपॉड तूच केलास. बाजारातला मला परवडत नाही हे मी न सांगता तुला कळलं होतं. भंगारातले पाइप घेतलेस, एकात एक सरकतील असे खरवडलेस, वरच्या डोक्यासाठी बोल्ट घडवलास आणि माझा कॅमेरा दोन दिवस डब्याच्या पिशवीत घेऊन हिंडलास, कारण त्याच्या बुडाच्या भोकाचे आटे तुला तंतोतंत जुळवायचे होते. तो ट्रायपॉड नांगराएवढा जड झाला. पण असा उभा राहायचा की वाऱ्याच्या बापाला हलायचा नाही. अजून आहे. कालच पुसून ठेवला.

आता ती गोष्ट सांगतो, जी तुला सांगायची राहिली.

माझा मावसभाऊ लग्नाचे फोटो काढायचा आणि सीझनमध्ये मी त्याच्या मदतीला जायचो, हे तुला ठाऊकच होतं. त्याची एक युक्ती मी तुला हसत हसत सांगितली होती. लग्नात स्टेजवर लोक रांगा लावतात. नवऱ्यामुलाच्या मावशीच्या जावेची नणंदसुद्धा फोटो काढा म्हणते. रोलमध्ये फोटो छत्तीस, आणि माणसं पाचशे. मग फोटोग्राफर काय करतो, तर कॅमेऱ्याचं बटण दाबतच नाही. फ्लॅशच्या पाठीला एक छोटं लाल बटण असतं, चाचणीचं. ते दाबलं की नुसता उजेड पडतो. मंडळी खूश होऊन पंगतीला जातात, आणि फिल्मवर काहीच उमटत नाही. आम्ही त्याला खाली, म्हणजे रिकामा, फ्लॅश म्हणायचो. तू ऐकलंस आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलास. "आयला! म्हंजे पावणं नुसतं उजेडात न्हाऊन घरला जात्यात की रं!" नंतर कितीतरी दिवस कुणी उगीच आश्वासन दिलं, की तू माझ्याकडे बघून म्हणायचास, "न्हाला बग उजेडात."

शहाण्णव सालच्या डिसेंबरात आपण मालवणला गेलो. सोमवारची सुट्टी होती, मंगळवारची रजा टाकली. तुझी मोटरसायकल, मागे मी, माझ्या पाठीला कॅमेरा आणि मांडीवर आडवा तो नांगर. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट. तू तोवर समुद्र बघितला नव्हतास. पस्तिशीच्या माणसानं समुद्र बघितला नाही याचं मला नवल वाटलं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. तू गाडी चालवत ओरडून म्हणालास, "आमच्यात सुट्टी म्हंजे गावाकडं जाऊन रानात भांगलायचं. दर्या कोण दावणार?" वहिनींनीही समुद्र बघितला नव्हता. निघताना त्या तुला म्हणाल्या होत्या, "फोटू काढून आणा. न्हायतर हितं जवळ बिद्रीला जाऊन आलासा म्हणून कोणबी म्हणंल." सगळ्या वाटेत तू मला ते चार वेळा सांगितलंस.

आणि मी वाटभर फिल्म उडवत गेलो. रोलच्या सुरुवातीला आधीच भाचीच्या बारशाचे अकरा फोटो होते. दाजीपूरच्या जंगलात धुकं, घाटात वळण, वळणावर एसटी, एसटीवर ऊन. तू मध्येच विचारलंस, "ठेवलायस न्हवं दर्यासाठी?" मी म्हणालो, आहेत रे.

दुपारी धक्क्यावर पोचलो. तू वाळूत उतरलास, पाणी ओंजळीत घेऊन चाखलंस आणि थुंकून ओरडलास, "खरंच खारं हाय की!" मग तिथंच जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांशी तुझी गट्टी जमली. तू त्यांची जाळ्याची सुई हातात घेऊन तिचं माप बघत होतास आणि ते तुला कुठला मासा कुठल्या जाळ्यात लागतो ते सांगत होते. मी मात्र त्या नांगराचे पाय दगडात रोवून सूर्याची वाट बघत बसलो.

तसा सूर्यास्त मी आयुष्यात पुन्हा बघितला नाही. समुद्रातल्या किल्ल्याच्या उजव्या अंगाला, अगदी पाण्यालगत, ढगाचा एक पट्टा होता. सूर्य त्या पट्ट्यामागं गेला तेव्हा मी म्हटलं, संपलं. आणि मग तो खालून बाहेर आला. लाल नव्हे, भाजलेल्या विटेचा रंग असतो ना, तसा. बुडाशी चपटा झालेला, माठासारखा. पाण्यावर रंग सांडला आणि धक्क्याशी बांधलेल्या होड्या एकदम काळ्या झाल्या. दोन फोटो काढले. उजेड मोजून पुन्हा दोन. आकडा पस्तिसावर आला. तेवढ्यात बाहेरून एक होडी आत येऊ लागली. एकटी, डोलकाठी उभी, वाटेत सूर्य. मी हिशेब केला, मिनिटभरात ती काठी सूर्याच्या बरोब्बर मध्ये येणार. एकच फोटो शिल्लक होता.

आणि तू आलास. "आता माझा एक काढ. उजेड लई झाक पडलाय. वैजूला दावतो."

मी थांब म्हणालो. तू म्हणालास, "थांब काय? त्यो बुडाला की अंधारात काढणार व्हय?" ते म्हातारे बाबाही जाळ्यातून मान वर करून हसले. "पावण्यानू, सूर्य उद्या पण बुडतलो. घाई कित्याक?" मला दोघांचाही असा राग आला की सांगता सोय नाही. ती होडी सरकत होती. मी तुला म्हणालो, राहा तिथंच उभा. कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवला. ट्रायपॉड मी हलवलासुद्धा नाही, गौतम. तो जिथं रोखलेला होता तिथंच ठेवला. डोळा लावला आणि फ्लॅशच्या पाठीचं लाल बटण दाबलं.

लख्ख उजेड पडला. "झालं?" तू विचारलंस. "झालं," मी म्हणालो. आणि डोलकाठी मध्ये आली तेव्हा खरं बटण दाबलं.

इतकंच. तुला सांगायला दोन मिनिटं लागली असती. अकरा वर्षांत ती दोन मिनिटं मला सापडली नाहीत.

रोल धुऊन आला तेव्हा तू स्टोअरच्या खिडकीशी उभा होतास. मी म्हणालो, तुझा जरा काळा आलाय, निगेटिव्हवरून नीट प्रिंट मारून घेतो. पुढच्या महिन्यात म्हणालो, लॅबवाल्याकडे गर्दी आहे. मग म्हणालो, निगेटिव्ह कुठंतरी ठेवलीय, शोधतो. मग घर बदललं. एक खोटं झाकायला मी किती खोटी घरं बांधली! त्यात त्या सूर्यास्ताच्या फोटोला हौशी लोकांच्या प्रदर्शनात उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. तू वहिनींना आणि तुमच्या लहानग्या लेकीला, प्रज्ञाला घेऊन, इस्त्रीचे कपडे घालून आलास. माझ्या फोटोपुढं उभा राहिलास. कधी नव्हे ते 'माणूस कुठाय' असं विचारलं नाहीस. शेजारी एक अनोळखी गृहस्थ फोटो बघत होते, त्यांना तू चौकटीच्या बाहेर, भिंतीवर, बोट ठेवून सांगितलंस, "पावणं, ह्यो काढताना मी हितं हुतो. हितं, उजव्या अंगाला."

तू बोट बरोबर जागी ठेवलं होतंस. लेथवरच्या माणसाची नजर. कॅमेरा कुठं रोखलेला आहे आणि आपण कुठं उभे आहोत, हे तुला कळलं नसेल? त्या दिवशी मी घाबरून तुझ्या तोंडाकडे न बघता प्रज्ञाला आइसक्रीम घेऊन द्यायला बाहेर पळालो.

नंतर मी किती वेळा म्हणालो, चल, तुझा दुसरा काढतो. रंकाळ्यावर, पन्हाळ्यावर, तुझ्या मशीनपाशी. तू तळहात आडवा धरायचास. "पयला त्यो आण. त्यो आणल्याबिगर दुसरा न्हाय." मी डिजिटल घेतला तेव्हाही तेच. "आता तर रोल बी लागत न्हाय म्हणतोस. मग जुना देऊन टाक की." लोकांना ती आपली गंमत वाटायची. मीही हसायचो. तू खरंच वाट बघत होतास, की मला चान्स देत होतास? मला हे कळायला हवं आहे रे. तू खुन्नसनं म्हणत होतास की मायेनं, एवढं तरी कळायला हवं. आता कुणाला विचारू?

तू गेल्यावर चौथ्या दिवशी वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, त्यो बंदरावरचा फोटू तेवढा बगा की. लई दिस झालं, घावला असंल." मी शोधतो म्हणालो. तेव्हाही शोधतो म्हणालो! मग तो कोटवाला फोटो झाला. कार्यक्रम आटोपल्यावर त्या पुन्हा म्हणाल्या, "ह्यो नगं. ह्येंच्याकडं बघून मला रडू बी येत न्हाय." ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

परवा मी काय केलं, तेही सांगतो. मी तो सूर्यास्ताचा फोटो घेऊन त्याच स्टुडिओत गेलो. म्हटलं, ह्यात हा चेहरा बसवून द्या, दुसऱ्या कुणाचं अंग लावा, साधा शर्ट असलेलं. त्या माणसानं पाव तासात केलं. तू धक्क्यावर उभा होतास, मागे माझा सूर्य. तुझ्या चेहऱ्यावर गेटपासचा पांढरा उजेड, आणि मागे विटेच्या रंगाचं पाणी. नीट बघितलं नाही तर खपून जाईल असं होतं. मी ते पाकिटात घातलं आणि तुझ्या घरी गेलो. स्वतःला सांगत गेलो, की त्या बाईला समाधान मिळतंय, तर तुझं काय जातंय? पाकीट माझ्या पिशवीत होतं, गौतम, हात पिशवीत होता.

वहिनींनी चहा ठेवला. प्रज्ञा आत अभ्यास करत होती. चहा देता देता वहिनी म्हणाल्या, "मी ह्येस्नी म्हणायची, तुमच्या दोस्तानं फोटू हरवला असंल, सोडा आता. तर ह्ये म्हणायचं, दिनकर उशीर करंल, पर मला फशिवणार न्हाय."

माझा हात पिशवीतच राहिला.

मी सगळं सांगितलं. लाल बटण, होडी, डोलकाठी, एकच उरलेला फोटो. फोटो कधी नव्हताच, हे सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की त्यांनी "काय म्हणालासा?" असं विचारलं आणि मला ते दुसऱ्यांदा, मोठ्यानं सांगावं लागलं. आत प्रज्ञाचं पान उलटायचं थांबलं. मला वाटलं, आता त्या मला बाहेर काढतील. काढावंच, असंही वाटलं. त्यांच्या जागी मी असतो तर काढलं असतं.

वहिनी कितीतरी वेळ कपाच्या कानाकडे बघत बसल्या. रागावल्या नाहीत. रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मीच म्हणलं हुतं त्येस्नी, फोटू आणा म्हणून."

मी पिशवीतला हात बाहेर काढला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "फोटू न्हाय तर न्हाय. तुमी तर हुतासा की समोर. तुमी बगितलासा न्हवं? मग तुमीच सांगा. दर्याच्या म्होरं ह्ये कसं उभं हुतं?"

प्रज्ञाही दाराशी येऊन उभी राहिली होती. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

मी आठवायला लागलो. ढगाचा पट्टा आठवला. त्या आत येणाऱ्या होडीत दोन माणसं होती, पुढचा वाकलेला होता, हे आठवलं. कॅमेऱ्यावर ठेवलेलं ॲपर्चर आठवलं. तुझा आवाज आठवला, 'झालं?' हा शब्द तू कसा म्हणालास तेही आठवलं. तुझा शर्ट कुठला होता? हात खिशात होते की कमरेवर? केस वाऱ्यानं उडत होते का? तू माझ्यापासून सहा पावलांवर उभा होतास. मी डोळे मिटले तरी मला तिथं सूर्यच दिसत होता.

पण त्या दोघी वाट बघत होत्या. काहीतरी द्यायला हवं होतं. मी म्हणालो, "हसत हुता. मोठ्यानं, नेहमीसारखा. सगळं त्वांड भरून."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. लहान पोराची चूक सुधारावी तसं त्या हळूच म्हणाल्या, "न्हाय भावजी. फोटू काढताना ह्ये कवा हसायचं न्हाईत. फुडचा दात मशीनवर तुटला हुता न्हवं? फोटू म्हणलं की व्हट गच्च मिटून घ्यायचं आन् मान वर करायचं. मुडद्यावानी नगा हुबं ऱ्हाऊ, म्हणून मी किती येळा म्हणलं असंल. पर न्हायच."

प्रज्ञा म्हणाली, "व्हय काका. बाबा असंच करायचे." आणि तिनं ओठ मिटून, मान ताठ करून दाखवली.

गौतम, त्या संध्याकाळी तू ओठ मिटून, मान वर करून उभा होतास. मला ते तुझ्या बायकोनं सांगितलं. तिनं अजून समुद्र बघितलेला नाही. मी तिथं होतो.